आभाळातला धडा

विश्व जेव्हा माणसाला भेटायला येतं, तेव्हा काळाची दारं उघडतात आणि अनंताची पावलं वाजू लागतात. आमच्या थळच्या शाळेत विश्व आलं ते सदूच्या मिनिडोर रिक्षातून, सुक्या बोंबलांच्या दोन पोत्यांमध्ये बसून. पावलांचं म्हणाल, तर रिक्षाचा सायलेन्सर फुटला होता.

विश्व एका पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटी चांगदेव पाटलांच्या मांडीवर होती. शेजारी मी. वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून आयुष्यभर पगार घेतला आणि निवृत्त झाल्यावर इथे राहायला आलो. लोकांचे आभार मानायचा सराव मला नाही. तरी ही गोष्ट मी आभारासाठीच लिहायला घेतली आहे. मध्ये कुठे खोडी निघालीच, तर ती जुन्या सवयीची समजावी.

चांगदेव माझे शेजारी. मिठागरवाल्यांच्या घरातला हा माणूस मालवाहू बोटींच्या इंजिनांत वाढला. बाकीचे खलाशी परदेशातून कॅमेरे आणत, अत्तरं आणत, गळ्यात घालायच्या चेनी आणत. चांगदेव दगड आणत. एकदा कस्टमवाल्यांनी त्यांची पेटी उघडली, आतले दगड पाहिले, मग चांगदेवांकडे पाहिलं आणि त्यांना बसवून चहा पाजला.

ते दगड आभाळातून पडलेले. पुस्तकात त्यांना अशनी म्हणतात. मोरोक्कोच्या बाजारात घेतलेले, सहारातल्या वाळूत सापडलेले काळपट तुकडे. आरशासारखी घासलेली एक पातळ चकती. आणि या सगळ्यांचा थोरला, मुठीत न मावणारा एक लोखंडी गोळा, व्लादिवोस्तोकला एका म्हाताऱ्या रशियन माणसाकडून घेतलेला. चांगदेव त्याला थोरलाच म्हणत. मळलेल्या कणकेत कुणी अंगठे दाबून ठेवावेत तसे खळगे त्याच्या अंगभर होते. चांगदेवांच्या पत्नी हयात होत्या तेव्हा शेजारणींना सांगत, "लोकांचे नवरे दुबईवरून सोनं आणतात. आमच्यांनी आभाळ आणलंय. ठेवायला फळी नाय."

वहिनी गेल्या, चांगदेवांच्या डोळ्यांत साखर उतरली, आणि ते दगड डोळ्यांऐवजी अंगठ्याने ओळखू लागले. पेटी उघडायची, फ्लॅनेलचं फडकं सोडायचं, शिवणयंत्राचं तेल लावायचं, पुन्हा बांधायचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज फार लवकर चढतो, मग ते लोखंड कुठूनही आलेलं असो. एकदा हे तेल लावणं चालू असताना मी सहज म्हणालो, "पाटील, एवढं आभाळ एकट्यानेच चोळत बसणार का?"

त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "शाळेत विचारा."

अडचण होती दिपेशची. दिपेश त्यांचा मुलगा. खारघरला राहतो, त्याचे ट्रक चालतात. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "पप्पा, तुम्हाला नीट दिसत नाही. इथली हवा खारी. पेटी माझ्याकडे लॉकरमध्ये सेफ राहील. टेन्शन खतम." चांगदेवांना लॉकर या शब्दाने गुदमरायला होई. बरीच घासाघीस होऊन दिपेशच्या अटीवर तह झाला: शाळेत न्यायचे तर न्या, पण रविवारी मी येऊन बघणार, एक जरी दगड कमी भरला, तर पेटी त्याच दिवशी खारघरला.

हे सगळं पोटात घेऊन आम्ही शुक्रवारी शाळेच्या ओसरीवर उतरलो.

विश्व, काळाची दारं वगैरे वाक्य मी प्रास्ताविकासाठी तयार करून नेलं होतं. पण मी घसा साफ करेपर्यंत चांगदेवांनी पेटी उघडली आणि मुलं पेटीवर पडली. जत्रेत खाजाच्या दुकानासमोर पडतात तशी. वाक्य माझ्या खिशातच राहिलं.

"हात लावू का?" कुणीतरी विचारलं.

"त्याच्यासाठीच आणलंय," चांगदेव म्हणाले. त्यांचं भाषण एवढंच झालं. पुढे नुसतीच उत्तरं.

"आजोबा, ह्यो पडला तवा कोनाला लागला का?" चिराग नावाच्या मुलाने विचारलं.

"नाही. रशियातल्या जंगलात पडला."

"मंग कोनी बघितला?"

"लांबून पुष्कळांनी बघितला. भर सकाळी. सूर्य फिका पडला असा उजेड झाला. वर असताना मोठा होता, येताना फुटला, तुकडे सांडले. सत्तेचाळीस सालची गोष्ट, फेब्रुवारीतली."

"म्हणजे इंग्रजांच्या काळातला," मी माहितीत भर घातली.

"रशियात इंग्रज कुठले?" चांगदेव म्हणाले. मुलं माझ्याकडे पाहून हसली. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

"आमच्या जाल्यात येईल का असा?"

"येईल की. समुद्रात तर जास्तच पडत असणार, समुद्र मोठा आहे. पण जाळ्यात दगड आला की तुझे बाबा काय करतात?"

"शिवी देतात आनी फेकतात."

"तेच तर," चांगदेव म्हणाले. "फेकायच्या आधी एकदा चुंबक लावून बघायला सांग."

चिरागने तेवढ्यात थोरल्याला जीभ लावून पाहिली आणि जाहीर केलं, "खारट हाय." चांगदेवांनी शांतपणे सांगितलं की दगड मगापासून तीस हातांमधून फिरलाय, हा खारटपणा गावचाच आहे.

खिचडी शिजवणारी ठमीबाई लांबून बघत होती. ती पदराला हात पुसत पुढे आली. "लोखंडाचा हाय म्हंतात. शनीचा का?"

"शनीच्या बराच अलीकडचा, ठमीबाई. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला."

"म्हंजे मंगळ हायच," ठमीबाई म्हणाली, आणि तिने खिचडीचं पातेलं उचलून दोन हात पलीकडे ठेवलं.

अमिषा नावाची एक मुलगी मात्र काहीच विचारत नव्हती. ती थोरल्याला दोन्ही हातांत धरून बसली होती. खळग्यांमध्ये एकेक करून अंगठा घालून पाहत होती, नेमकं चांगदेव करतात तसं. बाकीचे मागत होते, ती देत होती, आणि फिरून दगड पुन्हा तिच्याकडे येत होता. चांगदेव तिच्याजवळ जाऊन खाली बसले, आणि बराच वेळ दोघं कुजबुजत राहिली. काय ते मला ऐकू आलं नाही. बाहेर सदू सायलेन्सर ऐकवत होता. त्याचे बोंबील अलिबागला जायचे होते.

निघताना कल्पिता मॅडमनी मुलांना काम वाटून दिलं. मॅडम अलिबागहून येतात, बोलणं शुद्ध आणि मुद्देसूद. प्रत्येक दगड एकेकाला नेमून दिला. "चिराग, चकती तुझी. अमिषा, हा मोठा दगड तुझा. सोमवारी येताना याचा धडा करून आणायचा. नीट, मन लावून."

"व्हय मॅडम," अमिषा म्हणाली.

मुलांनी दगड फडक्यांत गुंडाळून पेटीत ठेवले, सदूने पेटी उचलली, आणि आम्ही आलो तसे सायलेन्सरच्या गजरात निघालो. घर जवळ आल्यावर चांगदेव म्हणाले, "मी इतकी वर्षं उगाच तेल लावत बसलो. त्यांना हातच हवे होते."

संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली. थोरल्याचं फडकं जागच्या जागी होतं, फुगलेलं. आत थोरला नव्हता.

मी कुंपणावरूनच म्हणालो, "मॅडमना फोन लावतो."

"नको."

"अहो, कोणाकडे तरी असणार."

"असणार. म्हणूनच नको." ते फडक्याची घडी घालत होते. "मॅडम हेडमास्तरांना सांगतील. मुलांना रांगेत उभं करतील, पिशव्या उलट्या करतील. मग ती पोरं पुन्हा कधी दगडाला हात लावतील?"

"दिपेशला काय सांगणार?"

"खरं ते."

"मग पेटी जाईल."

"जाईल." ते अंगठ्याने फडकंच चाचपत राहिले. "पण हात लावून झाला ना सगळ्यांचा."

मी घरी आलो आणि आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का? गप्प का?"

रविवारी दिपेश आला. रस्त्यातच मला गाठून गाडीत घेतलं. "काका, चला आधी बाजारात. सुकट घेतल्याशिवाय गेलो तर प्राची घरात घेणार नाही. पप्पांकडे मग आरामात बसू." प्राची म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, जरूर. बाजारात जितका वेळ जाईल तितका बरा. सुकटीत मला एरवी काही कळत नाही, पण त्या दिवशी मी पहिल्या तीन टोपल्यांपाशी इतके प्रश्न विचारले की तिसऱ्या टोपलीवालीने मला विचारलं, "घेनार हाव का परीक्षा घेताव?"

अशा रीतीने आम्ही नीराबाईपाशी पोचलो. नीराबाईचा सुका जवळा गावात नावाजलेला आणि जीभही. तिने घमेलं एका पारड्यात ठेवलं. आता ज्यांनी बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: भांड्यात घालून माल तोलायचा, तर भांड्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी बसू नये म्हणून दुसऱ्या पारड्यात भांड्याइतकाच जड दगड नाहीतर वीट आधी ठेवतात. काटा मधोमध आला, की मग माल आणि मापं. त्या दगडाला धडा म्हणतात.

नीराबाईने घमेलं ठेवलं आणि समोरच्या पारड्यात धडा ठेवला. काटा जरासा कलला. तिने धड्याशेजारी दोन शिंपल्या टाकल्या. काटा मधोमध आला.

धड्याच्या अंगभर अंगठ्याएवढे खळगे होते.

मंगळ आणि गुरू यांच्या मधून निघालेला, सूर्याला फिका पाडत सैबेरियात उतरलेला थोरला, आणि दोन शिंपल्या: यांचं एकत्रित वजन बरोबर एक घमेलं. विश्वाचं इतकं चोख मोजमाप मी तरी आधी कुठे वाचलं नव्हतं.

मी तोंड उघडलं, पण दिपेश शेजारी होता. म्हणून मिटलं. दिपेशने थोरल्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. लहानपणापासून घरात बघितलेली वस्तू माणूस कुठेही ओळखतो.

"काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "हा दगड कुठून आणला?"

"आभालातून," नीराबाई म्हणाली. तिने जवळा भरायला घेतला. "पोरीला इचारा. अमिषा, गिऱ्हाइकाला सांग गो."

टोपल्यांच्या मागून अमिषा वर आली. मला तिने ओळखलं नाही; शाळेत माझ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. तिने थोरला पारड्यातून उचलला, दिपेशच्या हातात दिला आणि सुरू झाली.

"आधी वजन बघा. दगड वाटतो ना? पन लोखंड हाय, आनी वाईच निकेल. ह्यो पृथ्वीपेक्षा लहान न्हाय, जवलजवल तिच्याच वयाचा हाय. साडेचार अब्ज वर्सं. एक मोठा गोला व्हता आभालात, तो फुटला, त्याच्या पोटातला ह्यो. पडताना हवेत इतका तापला का वरून वितलला, म्हून हे खलगे. इथं अंगठा घाला. असा न्हाय, आडवा. आता डोले मिटा."

दिपेशने डोळे मिटले. ट्रकच्या टायरवर लाथ मारून हवा ओळखणारा माणूस, भर बाजारात, एका हातात सुकटीसाठी आणलेली रिकामी पिशवी आणि दुसऱ्या हातात थोरला घेऊन डोळे मिटून उभा राहिला.

"डोले मिटल्यावर जास्त कलतो," अमिषा म्हणाली. "आजोबांनी सांगितला. त्यांना डोल्यांनी कमी दिसतो ना, म्हून त्यांना ह्यो सगल्यांत जास्त दिसतो."

मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती. त्यांतल्या एकाने डोळे मिटून घेतले होते, दगड हातात नसताना.

दिपेशने डोळे उघडले. "हा तुमचाच का?"

"न्हाय. चांगदेव आजोबांचा. उद्या परत द्यायचा हाय. मॅडमनी सांगितला, ह्यो तुजा, धडा करून आन." तिने तराजूकडे बोट दाखवलं. "आयशीनं केला."

नीराबाई जवळा ओतत म्हणाली, "मी म्हनली, शालेची कायतरी योजना असंल. पुस्तकं देतात, गणवेस देतात, खिचडी देतात. आता धडा देला. बरा झाला बाय, माजी वीट झिजली व्हती, लोक रोज भांडत व्हते. आता कोन भांडत न्हाय. आभालातला धडा खोटा पडंल कसा?" मग तिला काहीतरी वाटलं असावं. ती दिपेशच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "दोनी राती खोबरेल लावला हां. लोखंडाच्या मापांना लावते तसा. गंज चढू देत न्हाय."

दिपेश खांदे हलवून हसू लागला. आधी आवाज न करता, मग आवाज करून. मी त्याला मॅडमचा धडा कोणता आणि नीराबाईचा कोणता हे समजावू लागलो. त्याने हाताने थांबवलं. "कळलं काका. आगरी आहे मी, धडा कळतो." आणि त्याने फोन काढला.

"पप्पा, तुम्ही मला काही सांगणार होतात का आज? ... हां. ... नाही, हरवला नाही. कामाला लागलाय. ... अहो, खरंच. सदूला घेऊन बाजारात या."

सायलेन्सर फार लांबून ऐकू आला. चांगदेव उतरले, हात पुढे केला, आणि अमिषाने थोरला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांचा अंगठा आपोआप त्याच्या खळग्यात गेला. त्यांनी दगड नाकाजवळ नेला. जवळा आणि खोबरेल. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते; नीराबाईने तर पुढचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं होतं, जे ती कुणासाठी करत नाही.

"धडा झाला का?" चांगदेवांनी विचारलं.

"दोन्ही झाले," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं, लेखक."

"झाला आजोबा," अमिषा म्हणाली. "उद्या वर्गात बोलायचा हाय. पन सगला पाठ हाय. इथं कालपासून बोलते ना."

चांगदेवांनी मान हलवली. नुसती हलवतच राहिले. मग दिपेशकडे वळले. "एक कमी भरला होता," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. पेटी घेऊन जा."

दिपेश सुकटीच्या पिशवीची गाठ बांधत होता, ती बराच वेळ बांधली जाईना. "मी आज फक्त सुकट न्यायला आलोय," तो म्हणाला. "आणि पप्पा, लॉकरमध्ये कोण डोळे मिटायला सांगणार?" मग सदूला म्हणाला, "तुझा सायलेन्सर मी बसवून देतो. पेटी पुढच्या शाळेत न्यायची तर जरा शांतपणे ने."

पुढच्या शाळेत, हे त्याने सहज म्हटलं. चांगदेवांनी ते ऐकलं आणि थोरला छातीशी धरला. त्यांच्या शर्टावर खोबरेलाचा गोल डाग पडला.

अशा वेळी माणसाने आभार मानावेत. मला आभार मानायचे होते त्या पोरीचे, तिच्या आईचे, शुद्ध बोलणाऱ्या मॅडमचे, दिपेशचे, ज्या कुठल्या गोळ्याच्या पोटातून तो दगड निघाला त्या गोळ्याचे, आणि तो सगळं आभाळ सोडून आमच्या बाजारात आला म्हणून त्याचेही. खिशात हात घातला. शुक्रवारचं भाषण तिथेच होतं. श्रोते होते, प्रसंग होता. मी टोपल्यांच्या मध्ये उभा राहिलो आणि गंभीरपणे सुरुवात केली.

"विश्व जेव्हा माणसाला भेटायला येतं, तेव्हा काळाची दारं उघडतात आणि..."

"बाबा," नीराबाई म्हणाली. तिने रिकामं पारडं माझ्यासमोर धरलं. "ते समदा खरा हाय. पन आता जाताव तर येताना मना एक दगड बघून आना. कसलाबी चालंल. फकस्त तेवढाच जड."